स्थलांतरित घरकामगार स्त्रिया : भरती, प्रशिक्षण आणि जुळणी यांच्या व्यवस्थेची चिकित्सा
(शिरोली औद्योगिक वसाहतीच्या संदर्भात)

प्रस्तावना

पुणे-बंगळूर महामार्गावर, पंचगंगेच्या पुलाजवळ वसलेली पुलाची शिरोली आणि तिला लागून असलेली औद्योगिक वसाहत ही कोल्हापूरच्या फौंड्री उद्योगाची एक प्रमुख ओळख आहे. येथील ओतकामाच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशा या राज्यांतून आलेले कामगार मोठ्या संख्येने काम करतात. कारखान्याच्या हजेरीपटावर म्हणा, ठेकेदाराच्या वहीत म्हणा, या पुरुष कामगाराची कोठे ना कोठे नोंद असते. त्याच्याबरोबर, किंवा खोली मिळाल्यावर मागाहून आलेली त्याची पत्नी मात्र कोणत्याही वहीत नसते. ती आसपासच्या घरांत धुणीभांडी, फरशी पुसणे, स्वयंपाक, लहान मूल किंवा आजारी माणूस सांभाळणे अशी कामे धरते, तेव्हा ती कामगार होते. परंतु ती कामगार झाली आहे, ही गोष्ट तिला काम देणाऱ्या घराखेरीज कोणास ठाऊक नसते.

जनगणनेची पद्धतीही या अदृश्यतेत भर घालते. २००१ व २०११ या दोन्ही जनगणनांत स्त्रियांच्या स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण विवाह हे नोंदले गेले. हे उत्तर खोटे नाही. पण अपुरे आहे. लग्नामुळे किंवा कुटुंबासमवेत आलेली स्त्री पुढे दहा वर्षे चार घरची कामे करीत असली, तरी स्थलांतराच्या कारणाच्या रकान्यात ती श्रमिक म्हणून येत नाही. जिची गणना श्रमिक म्हणून होत नाही तिच्या भरतीचा, प्रशिक्षणाचा आणि योग्य घराशी तिची गाठ घालून देण्याचा विचार धोरणात येणार कोठून?

प्रस्तुत लेखात याच तीन टप्प्यांच्या दृष्टीने राज्यातील प्रचलित व्यवस्थेची, विशेषतः ‘महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, २००८’ या कायद्याची चिकित्सा करावयाची आहे. घरकामगार स्त्रीचे हित आणि कुटुंबाचे हित परस्परविरोधी आहेत, असे गृहीत धरून ही चर्चा केलेली नाही. उलट, व्यवस्थेच्या अभावी दोन्ही बाजूंचे नुकसान होते आणि त्यातला मोठा वाटा दुर्बळ बाजूच्या पदरी पडतो, असे येथे प्रतिपादन आहे.

कायद्याची पार्श्वभूमी

घरकामगारांच्या संघटित लढ्याची महाराष्ट्रातील परंपरा जुनी आहे. १९८० साली पुण्यातील मोलकरणींनी संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारवाढ आणि हक्काची सुट्टी या त्या काळच्या मागण्या आजही शिळ्या झालेल्या नाहीत. त्यानंतरच्या सुमारे तीन दशकांच्या प्रयत्नांनंतर २००८ चा अधिनियम आला. घरकामगार ही कायद्याने मान्य केलेली एक श्रेणी आहे, एवढी गोष्ट या कायद्याने निश्चित प्रस्थापित केली. तिचे महत्त्व कमी लेखता येणार नाही.

तथापि कायद्याच्या तरतुदी वाचताना एक बाब प्रकर्षाने जाणवते. अपघात झाल्यास तातडीची मदत, आजारपणात वैद्यकीय खर्चास साहाय्य, मुलांच्या शिक्षणासाठी अर्थसाहाय्य, दोन अपत्यांपर्यंत प्रसूतिलाभ, मृत्यूनंतर अंत्यविधीसाठी साहाय्य असे या लाभांचे स्वरूप आहे. पुढे वयाची ५५ वर्षे पूर्ण केलेल्या नोंदणीकृत स्त्रियांना १०,००० रुपये सन्मानधन देण्याची योजनाही आली. म्हणजे घरकामगार स्त्री आजारी पडली, बाळंत झाली, वृद्ध झाली किंवा मरण पावली, तर कायदा तिच्याकडे वळतो. ती काम करीत असताना तिला ते काम कसे मिळाले, कोणत्या अटींवर मिळाले आणि कोणत्या कारणाने सुटले, याविषयी तो जवळजवळ मौन पाळतो. तो वेतन ठरवीत नाही. एखाद्या घराने कामगार ठेवल्याची नोंद त्या घराने करावी, असे बंधनही घालीत नाही. नोंदणीचा भार स्त्रीवर. आणि त्यासाठी वयाचा, रहिवासाचा पुरावा व काम देणाऱ्याचा दाखला गोळा करण्याचा भारही तिच्यावरच.

स्थलांतरित स्त्रीच्या बाबतीत ही अट अधिकच जाचक ठरते. खोली भाड्याची, भाडेकरार बहुधा नसतो, आधार कार्डावरचा पत्ता गावाकडचा आणि ज्यांच्याकडे दाखला मागायचा त्यांच्याच मर्जीवर काम टिकलेले. एप्रिल २०२१ मध्ये निर्बंधांच्या काळात राज्य शासनाने नोंदणीकृत घरेलू कामगारांसाठी १,५०० रुपयांचे साहाय्य जाहीर केले. त्या वेळी ‘नोंदणीकृत’ या एका विशेषणाने किती स्त्रिया बाहेर ठेवल्या, हे कोणत्याही औद्योगिक वसाहतीच्या आसपासची खोल्यांची वस्ती ज्याला माहीत आहे, त्याला सांगावे लागत नाही.

भरती : ओळखीचा बाजार

शिरोलीसारख्या ठिकाणी घरकामाची भरती प्रामुख्याने ओळखीवर चालते. आधी आलेली शेजारीण, खोलीमालकीण, सोसायटीचा रखवालदार, कारखान्यातील सुपरवायझर यांपैकी कोणी तरी ‘एक बाई आहे’ असे सांगते आणि काम ठरते. या पद्धतीचे गुण आहेत. तीत दलाली लागत नाही, ओळख देणाऱ्याची पत पणाला लागलेली असते आणि परक्या मुलखात आलेल्या स्त्रीला पहिले काम लवकर मिळते. परंतु ओळखीने मिळालेल्या कामात अटी बोलता येत नाहीत. पगार किती हे ठरते. काम किती हे ठरत नाही. ‘वरची कामे’ या दोन शब्दांत काय काय येते, पाहुणे आले तर काय, सणासुदीला काय, खाडा कसा धरायचा, यांतले काहीच आधी स्पष्ट होत नाही. मागाहून ते विचारले, तर ओळख देणाऱ्याचा अपमान होतो.

दुसरीकडे, रुग्ण व वृद्ध यांची शुश्रूषा करणाऱ्या, चोवीस तास घरी राहणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत शहरांत खाजगी संस्था मध्यस्थी करू लागल्या आहेत. येथे अटी काही प्रमाणात ठरतात, पण त्या कुटुंब आणि संस्था यांच्यात ठरतात. स्त्रीच्या पगारातून दरमहा कमिशन कापले जात असेल, तर ते किती, हे अनेकदा कुटुंबालाही माहीत नसते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १६ जून २०११ रोजी स्वीकृत झालेल्या १८९ व्या कराराचे पंधरावे कलम नेमके याच जागी बोट ठेवते : मध्यस्थ संस्थेचे शुल्क कामगाराच्या वेतनातून कापले जाऊ नये. भारताने या कराराच्या बाजूने मत दिले; मात्र त्याला मान्यता दिलेली नाही.

छत्तीसगडने २०१३ मध्ये आणि झारखंडने २०१६ मध्ये खाजगी मध्यस्थ संस्थांचे नियमन करणारे कायदे केले. ज्या राज्यांतून मुली महानगरांत नेल्या जातात, त्या राज्यांनी केलेले हे कायदे असल्याने त्यांचा रोख दलालांवर असणे स्वाभाविक आहे. परंतु त्यांची जशीच्या तशी नक्कल येथे पुरेशी होणार नाही. जेथे बहुसंख्य कामे दलालाशिवाय ठरतात, तेथे केवळ दलालाला बांधणारा कायदा बहुसंख्य स्त्रियांना स्पर्शही करणार नाही.

केंद्रीय कायद्यांचीही हीच मर्यादा आहे. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा ठेकेदारामार्फत आणलेल्या आणि पाच किंवा अधिक असे कामगार असलेल्या आस्थापनांतील कामगारांपुरता होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या नव्या श्रम संहितांनी स्वतःहून आलेल्या कामगारालाही स्थलांतरित मानले, हे चांगले झाले. पण त्यासंबंधीच्या तरतुदी दहा किंवा अधिक असे कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होतात. घर हे अशा आस्थापनेत बसत नाही. सामाजिक सुरक्षा संहिता घरकामगाराला असंघटित क्षेत्रातील वेतनी कामगार मानते, तर औद्योगिक संबंध संहिता ‘उद्योग’ या संज्ञेतून घरगुती सेवा स्पष्टपणे वगळते. परिणामी फौंड्रीतील नवऱ्याला, कागदावर का होईना, तक्रारीचे दार आहे. त्याच खोलीत राहणाऱ्या त्याच्या पत्नीला ते नाही.

प्रशिक्षण : कोणाचे आणि कशासाठी?

गेल्या दशकात कौशल्य विकासाच्या कार्यक्रमांत घरकामाचा समावेश झाला. त्यासाठी स्वतंत्र क्षेत्र कौशल्य परिषदही स्थापन झाली. घरकाम हे कौशल्य आहे, जन्मजात स्त्रीगुण नव्हे, अशी मान्यता यात अभिप्रेत असल्याने या पावलाचे स्वागत करावयास हवे. तरीही या प्रशिक्षणाच्या कल्पनेत दोन दोष दिसतात.

पहिला दोष असा की प्रशिक्षणाचा संबंध वेतनाशी जोडलेला नाही. प्रमाणपत्र घेतलेल्या आणि न घेतलेल्या स्त्रीला तेच घर तोच पगार देणार असेल, तर आठ-पंधरा दिवसांची कामे बुडवून तिने वर्गात का बसावे? कर्नाटकाने २००४ मध्येच घरकामासाठी किमान वेतनाची अधिसूचना काढली होती. तिच्या अंमलबजावणीच्या अडचणी काहीही असोत, वेतनाचा पाया ठरल्यावाचून कौशल्याची पायरी चढवता येत नाही, हे तत्त्व तीत आहे.

दुसरा दोष अधिक मूलगामी आहे. प्रशिक्षण केवळ स्त्रीचे होते, कुटुंबाचे होत नाही. गॅसची शेगडी, मिक्सर, वॉशिंग मशीन कसे वापरावे, स्वच्छता कशी राखावी, नम्रपणे कसे बोलावे हे तिला शिकविले जाते. कामाचे तास कसे मोजावेत, आगाऊ उचल दिली तर ती कशी वळती करावी, रसायनयुक्त स्वच्छताद्रव्य हातमोज्यांशिवाय का देऊ नये, आजारपणाची रजा ही कृपा नसून अट कशी असते, हे कुटुंबाला कोणी शिकवीत नाही. २०१३ चा कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा घरकामगार स्त्रीला लागू आहे आणि त्या कायद्याच्या दृष्टीने राहते घर हेही ‘कामाचे ठिकाण’ आहे. तिची तक्रार ऐकण्यासाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समितीची तरतूद आहे. ही माहिती किती सुशिक्षित कुटुंबांना आहे, हा प्रश्न महाविद्यालयीन प्राध्यापकांनी प्रथम स्वतःच्या घरापासून विचारावा असा आहे.

स्थलांतरित स्त्रीच्या प्रशिक्षणात भाषेचे स्थानही वेगळे आहे. ‘भाजी निवडून ठेव’ या साध्या वाक्यातील ‘निवडणे’ हिंदी किंवा भोजपुरी बोलणाऱ्या स्त्रीला उमगेलच असे नाही. ती भाजी चिरून ठेवते. अशा गैरसमजातून ‘हिला काही येत नाही’ हा शेरा जन्मतो आणि चूक भाषेची असताना दोष कौशल्याला लागतो. घरातील शे-दोनशे शब्दांची मराठी शिकविणारा, संध्याकाळी वस्तीतच भरणारा वर्ग हा कोणत्याही यंत्र-प्रशिक्षणाहून अधिक उपयोगी ठरेल. राष्ट्रीय सेवा योजनेचे पथक असलेल्या कोणत्याही महाविद्यालयाच्या हे आवाक्यातले काम आहे.

जुळणी : विश्वास आणि पूर्वग्रह

कुटुंब आणि कामगार यांची जुळणी हा वस्तुतः विश्वासाचा प्रश्न आहे. बाई परकी, घर परके. दोघांनाही भीती असते. प्रचलित व्यवस्थेने मात्र यातली एकच भीती मान्य केली आहे. स्त्रीचे छायाचित्र, आधार कार्ड, पोलिसांकडून पडताळणी यांची मागणी होते. ती गैर नाही. पण ज्या घरात ती दिवसभर एकटी राहणार त्या घराविषयी तिला काही विचारण्याची सोय नाही. आधीच्या बाईने काम का सोडले, एवढा प्रश्नही तिच्या तोंडून उद्धट ठरतो.

अशा स्थितीत विश्वासाची जागा पूर्वग्रह घेतो. ‘कुठली आहे?’ या प्रश्नामागे अनेकदा ‘कोणापैकी आहे?’ हा प्रश्न असतो. भांडी घासण्यासाठी जी चालते ती स्वयंपाकासाठी चालतेच असे नाही. स्वयंपाकाचा पगार अधिक असल्यामुळे ही जातीय निवड केवळ मानहानी करून थांबत नाही. ती मिळकतीची मर्यादाही ठरवते. तिचा चहाचा कप वेगळा ठेवणारी घरे आजही आहेत. ज्या कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या आणि गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात स्वतः जाऊन चहा घेतला. ज्या हातकणंगले तालुक्यातील माणगाव येथे मार्च १९२० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. त्या परिसरात ओट्याच्या कोपऱ्यातला हा वेगळा कप हा सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासकांना अस्वस्थ करणारा विषय असला पाहिजे.

‘ती आमच्या घरच्यासारखीच आहे’ हे वाक्यही येथे तपासून पाहण्याजोगे आहे. सुलोचना यांची भूमिका असलेला ‘मोलकरीण’ (१९६३) हा मराठी चित्रपट या दृष्टीने बोलका आहे. मुलाच्या घरी मोलकरीण होऊन राबणाऱ्या आईची ती कथा. प्रेक्षकाचे डोळे पाणावतात ते आईवर मोलकरीण होण्याची पाळी आली म्हणून. मोलकरणीच्या वाट्याला जे येते ते मोलकरणीलाही येऊ नये, हा विचार त्या अश्रूंत नसतो. घरच्यासारखे मानण्यात आपुलकी असेल, पण घरच्या माणसाला पगाराची पावती, साप्ताहिक सुट्टी आणि कामाचे ठरलेले तास नसतात, हेही त्यातच येते. नात्याची भाषा पुष्कळदा अटींची जागा घेते. आपुलकी टिकावी असे वाटत असेल, तर अटी आधी ठरल्या पाहिजेत.

रखवालदार आणि मोलकरीण : एक तुलना

घर आणि कारखाना यांच्या सीमेवर उभ्या असलेल्या आणखी एका श्रमिकाशी तुलना केल्यास २००८ च्या कायद्याची मर्यादा अधिक स्पष्ट होते. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. १९८१ मध्ये त्याच धर्तीवर खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी कायदा झाला. या दोन्ही कायद्यांत मंडळ केवळ मदत वाटत नाही. तेथे कामगाराबरोबर मालकाचीही नोंदणी होते. मंडळ कामगारांचे वाटप करते, वेतन मंडळामार्फत जाते आणि मालकाकडून घेतलेल्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, रजा यांची तजवीज होते. एका कामगाराचे अनेक मालक, किंवा रोज बदलणारा मालक, ही हमालीतील अडचण होती. मंडळाने ती सोडविली.

चार-पाच घरी काम करणाऱ्या स्त्रीची अडचण हीच आहे. यांपैकी कोणतेही एक घर तिचा पूर्ण मालक नसते, म्हणून कोणीच जबाबदार नसते. मग इमारतीच्या दारावरील रखवालदारासाठी जी रचना राज्याला १९८१ मध्ये सुचली, ती त्याच दारातून आत जाणाऱ्या स्त्रीसाठी २००८ मध्ये का सुचू नये? दोन्ही मंडळांना ‘मंडळ’ हेच नाव आहे, परंतु एक श्रमाचे नियमन करते आणि दुसरे दुर्दैवाची भरपाई. स्त्रीच्या घरातील श्रमाला श्रम मानण्यास आपण अजून तयार नाही, एवढेच याचे उत्तर संभवते.

सुरक्षा रक्षक मंडळांचा अनुभव सर्वस्वी आदर्श आहे असे नाही. सूट मिळविलेल्या खाजगी संस्थांना तेथेही मोठी वाट राहिली. म्हणून त्या रचनेचे अंधानुकरण न करता तिच्यातील एकच तत्त्व उचलावे : नोंद दोन्ही बाजूंची व्हावी.

काही आक्षेप

पहिला आक्षेप खाजगीपणाचा. घरात निरीक्षक येणे कोणालाही रुचणार नाही. परंतु करार आणि वेतन यांची नोंद घराबाहेर होऊ शकते. तपासणी अटळच झाली, तर न्यायालयाच्या परवानगीने ती करण्याची तरतूद उरुग्वेने २००६ च्या कायद्यात केली आहे. शिवाय चौदा वर्षांखालील मुलांना घरकामास ठेवण्यावर ऑक्टोबर २००६ मध्ये बंदी आली, तेव्हाच कायद्याने घराचा उंबरठा ओलांडला होता.

दुसरा आक्षेप खर्चाचा. नियम वाढले तर मध्यमवर्गीय कुटुंबे कामवाली ठेवणार नाहीत, असे म्हटले जाते. या आक्षेपात तथ्य आहे. फौंड्रीतील लिपिकाचे घर आणि कारखानदाराचा बंगला यांना एकच भार लावणे अन्यायाचे होईल. म्हणून प्रारंभी भार पैशाचा नसून नोंदीचा असावा. फिलिपाईन्सने २०१३ मध्ये केलेल्या घरकामगार कायद्यात लेखी करार आवश्यक मानला आणि भरतीचे शुल्क कामगाराकडून घेण्यास मनाई केली. लेखी कराराला खर्च एका कागदाचा आहे.

तिसरा आक्षेप असा की स्त्रियांनाच हे नको असते. त्यांना रोख पगार आणि हवे तेव्हा काम सोडण्याची मोकळीक हवी असते. हा आक्षेप सर्वांत गंभीरपणे घ्यावयास हवा. मोकळीक हेच जिचे एकमेव भांडवल आहे, तिच्यावर दीर्घ मुदतीचा करार लादणे हा तिच्या बाजूचा न्याय होणार नाही. त्यामुळे करारात नोटिशीची मुदत दोन्ही बाजूंना सारखी आणि अल्प असावी.

काय करता येईल?

वरील विवेचनावरून चार गोष्टी सुचतात. एक, नोंदणीचा अर्ज स्त्रीच्या वस्तीत आणि कुटुंबाच्या सोसायटीत अशा दोन ठिकाणी घेतला जावा. घरमालकाच्या दाखल्याऐवजी स्त्रीचे स्वयंघोषणापत्र पुरेसे मानावे. दोन, एक पानी मराठी-हिंदी करारनामा असावा. त्यात कामांची यादी, तास, पगाराची तारीख, साप्ताहिक सुट्टी, खाडा धरण्याची रीत आणि सणाची बक्षिसी एवढेच असावे. तीन, पहिले पंधरा दिवस परस्पर पारखण्याचे मानावेत. त्या मुदतीत काम सुटले तरी झालेल्या दिवसांचा पूर्ण पगार मिळावा आणि सोडण्याचे कारण दोघांकडूनही नोंदले जावे. चार, शिरोलीसारख्या वसाहतीत उद्योजकांच्या संघटनेने या कामास जागा द्यावी. कामगाराचे कुटुंब येथे स्थिरावले तर कामगार टिकतो, हे कारखानदाराच्याही हिताचे आहे.

समारोप

२९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी स्वतंत्र कायदेशीर चौकटीचा विचार करण्याकरिता आंतरमंत्रालयीन समिती नेमण्याचे निर्देश केंद्र शासनास दिले. अशी चौकट केव्हा व कशी येईल हे सर्वस्वी शासनावर अवलंबून आहे. परंतु घरकामाचा बाजार शासनाच्या अगोदर आपल्या स्वयंपाकघरांत भरतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, तेव्हा कारखाने आणि घरे यांच्यात ये-जा करणाऱ्यांची वाटच तुटली. अशा दिवसांत जिचा खाडा धरला गेला आणि जिचा धरला गेला नाही, यांच्यात फरक करणारा एकही नियम तेव्हा नव्हता आणि आजही नाही. तो फरक केवळ घराच्या चांगुलपणावर सोडलेला आहे. चांगुलपणाचे मोल कमी नाही. पण परमुलखातून आलेल्या स्त्रीची रोजीरोटी तेवढ्यावरच सोडून देणाऱ्या व्यवस्थेला कल्याणकारी म्हणणे कठीण आहे.